पंतोजींची छडी

श्रोतेहो, गुरुजींच्या हातांतील छडी ही आपल्या समाजांत फार काळ विद्येची खूणच समजली जात असे. ती हातीं कां आली, कोणी खालीं ठेवली आणि कायद्यानें ती केव्हां मना केली, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सरकारी शाळा निघण्यापूर्वीं गांवोगांव पंतोजींच्या शाळा असत. एखाद्या ओसरीवर किंवा देवळांत मुलें जमत. कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी मोडी वळण घोटी, कोणी पावकी-निमकी घोकी. छापील पुस्तक नाहीं, वर्ग नाहींत. सारी विद्या तोंडपाठ करावयाची आणि शिकविणारा एकटा! तेव्हां धाक हेंच शिक्षणाचें साधन होऊन बसलें. अंगठे धरून ओणवें राहणें, तळहातावर छड्या खाणें, दोरीला हातांनीं लोंबकळत राहणें, अशा शिक्षा असत. या शेवटल्या शिक्षेस घोडी म्हणत. मूल गैरहजर राहिलें तर त्यास उचलून आणावयास थोरलीं मुलें धाडलीं जात. पंतोजी दुष्ट असत असें नव्हे. पालकच त्यांस मारावयास सांगत आणि न मारणारा पंतोजी कुचकामाचा मानीत. पुढें १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें निघालें, वर्ग पडले, क्रमिक पुस्तकें आलीं. पण त्यांबरोबर दिपोटींची परीक्षाहि आली आणि छडी जागच्या जागीं राहिली.

ती खालीं ठेवण्याचा एक मोठा प्रयोग काठेवाडांत झाला. गिजुभाई बधेका हे पेशानें वकील. त्यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. मारिया मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीचा अभ्यास करून त्यांनीं शिक्षा आणि बक्षीस हीं दोन्हीं दूर ठेवलीं. १९२३ सालीं ताराबाई मोडक राजकोटची मोठी जागा सोडून त्यांच्या कार्यांत सामील झाल्या. ताराबाईंनीं तेंच काम १९४५ पासून ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें व पुढें कोसबाड येथें चालविलें. वारल्यांचीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळेंत येत नसत. त्यांस ओढून न आणतां शाळाच कुरणावर नेण्यांत आली. पंतोजींच्या आणि ताराबाईंच्या शाळेंतील अंतर या एका गोष्टींत दिसून येतें.

कायदा मागून आला. स्वीडन देशानें १९७९ सालीं घरांतील मारहाणहि बेकायदा ठरविली. ब्रिटनमध्यें सरकारी शाळांतील छडी १९८६ च्या कायद्यानें गेली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला.

मारानें मूल सुधारतें, ही समजूत मात्र घरोघर टिकून आहे. अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारें १,६०,००० मुलांची माहिती होती. घरीं चापट खाणाऱ्या मुलांत आडदांडपणा, मनाचे विकार आणि आईबापांशीं दुरावा हीं अधिक आढळलीं. आज्ञाधारकपणा वाढल्याचें कांहीं दिसलें नाहीं.

कारण उघड आहे. मार खाणाऱ्या मुलाचें लक्ष गणिताकडे नसतें, हाताकडे असतें. मीं आयुष्य वर्गांत घालविलें आहे. गुरुजी जवळ येतांच जें मूल हातानें पाटी झांकतें, त्याची चूक गुरुजींस दिसत नाहीं. आणि न दिसलेली चूक दुरुस्त तरी कशी व्हावी? धाकानें चूक नाहींशी होत नाहीं, ती लपते. पुढें हेंच मूल खोटें बोलावयास शिकतें, आणि त्याबद्दल पुन्हा मार खातें.

शाळेंतील छडी कायद्यानें काढतां आली. शिक्षणहक्क कायदा घराच्या उंबरठ्याच्या आंत येत नाहीं. तेथें आईबापांनींच हात आवरावयाचा आहे. आज रात्रीं मुलाची वही तपासावयास घ्याल, तेव्हां तें वही आपण होऊन पुढें करतें कीं मागें लपवितें, एवढें पाहावें, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतों.