लाकडी वस्तू, संग्रहालय आणि कारागिराचं नाव

मंडळी, प्रभादेवीत लाकडी कोरीवकामावर बोलायचं, तर सुरुवात सिद्धिविनायकापासूनच करू. गाभाऱ्याच्या लाकडी दारांवर अष्टविनायक कोरलेले आहेत. आपण रांगेत पुढे सरकतो तेव्हा नजर बाप्पाकडे असते. दारं कोणाच्या हातची, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. देवळात ते चालून जातं, कारण तिथे दार आपलं काम करत असतं. तेच दार संग्रहालयात गेलं की काम संपतं आणि उरते फक्त त्याची नोंद. त्या नोंदीत काय लिहिलं जातं, हा आजचा विषय.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. या नावातला ‘राजा’ म्हणजे कोणी संस्थानिक नव्हे. दिनकर केळकरांचा तो मुलगा, सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं. केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली होती. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अडकित्ते, दिवे, गंजिफा, वाड्यांची कोरीव दारं, सगळ्या रोजच्या वापरातल्या वस्तू. केळकर कविता लिहीत ‘अज्ञातवासी’ या नावाने. पण खरे अज्ञातवासी राहिले ते ही दारं घडवणारे सुतार.

आता जरा लांब जाऊ, नायजेरियातल्या योरुबा लोकांकडे. त्यांच्यात जुळ्यांचं प्रमाण जगात फार मोठं. जुळ्यांपैकी एक दगावलं की सुताराकडून वीत-दीड वीत उंचीची लाकडी मूर्ती घडवून घेत. तिला ‘इबेजी’ म्हणतात. मूल तान्हं गेलेलं असलं तरी मूर्ती मोठ्या माणसाची असते. आई तिला न्हाऊमाखू घाली, भरवी, दागिने घाली. अंगाला लाकडाची तांबडी पूड चोळत, केसांना नीळ लावत. आपण कपड्यांना देतो तीच नीळ पुढे तिथेही वापरात आली. आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत अशा मूर्ती पुष्कळ आहेत. काहींचे नाक-डोळे पार पुसट झालेत. आपण म्हणू, मूर्ती खराब झाली. खरं तर आईच्या हातांची नोंद तिथेच आहे.

घडवणाऱ्याची नोंद कशी हरवते, तेही योरुबांकडेच पाहू. इकेरे इथल्या राजवाड्याचं एक रंगवलेलं कोरीव दार १९२४मध्ये लंडनजवळ वेम्बलीच्या साम्राज्य-प्रदर्शनात मांडलं होतं. माणसांनी वाहून आणलेला इंग्रज अधिकारी आणि त्याची भेट घेणारा राजा, असा त्यावरचा प्रसंग. ब्रिटिश म्युझियमला ते हवं होतं. राजाने बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं. हा व्यवहार झाला तेव्हा कोरणाऱ्याचं नाव मात्र नोंदलं गेलं नाही. ते इसे गावच्या ओलोवे यांचं काम, हे अभ्यासकांनी पुढे जुळवलं. आज योरुबा शिल्पकारांत त्यांचं नाव अग्रभागी घेतात.

म्हणजे नाव नसतं असं नाही. वेळेवर विचारलेलं नसतं. आपल्याकडे याउलट उदाहरणही आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. ठाकर समाजाच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची चित्रं तिथे आहेत. ती कला ज्यांची, तेच ती दाखवतात, बाहुली नाचवूनही दाखवतात. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या इमारती आता एकेक करून उतरताहेत. कठडे, दारं, देव्हारे भंगारात तरी जातात किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात. तुमच्या घरातला देव्हारा कोणाच्या हातचा, हे अजून सांगू शकेल असं एखादं म्हातारं माणूस घरात असेल. आज घरी गेलात की त्यांना विचारा, आणि देव्हाऱ्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा.