एकजुटीचा विचार आणि एकजुटीची व्यवस्था



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. इतिहासाच्या एका तासाला त्यांनी आम्हांला विचारले होते, ‘‘मूठभर इंग्रज जिंकले कसे?’’ आम्ही मुलांनी एका सुरात उत्तर दिले, ‘‘फितुरीमुळे!’’ गुरुजी म्हणाले, ‘‘उत्तर सोपे आहे, म्हणून पुन्हा तपासून पाहा.’’ ग्वाल्हेरात वाढलेला मी पुढे जन्मभर मराठी शिकवीत राहिलो, जुन्या पत्रव्यवहाराच्या वाचनात रमलो. पण ती तपासणी राहूनच गेली होती. आज ती आपल्यापुढे मांडतो.

परकीयांपासून बचाव करावयाचा तर आपसांत एक झाले पाहिजे, हा विचार आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे सुमारे 1715 साली, टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना भूमीची हाव आहे आणि त्यांचे बळ आरमार व तोफखाना यांत आहे. म्हणून समुद्रकिनारी त्यांना पक्का ठाव देऊ नये, असा त्याचा आशय. धोका ओळखला होता. परंतु त्यावरचा उपाय एकाच राज्यापुरता सांगितलेला होता.

अनेक राज्यांनी मिळून करावयाचा उपाय प्रत्यक्षात आला तो 1780 साली. त्याची पार्श्वभूमी आपणांस परिचित आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 1775 मध्ये राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले. 1779 च्या जानेवारीत वडगावास इंग्रजी फौज कोंडली गेली, तरी युद्ध संपले नाही. त्याच सुमारास इंग्रजांनी इतर दरबारांनाही दुखविले होते. हैदरअलीला जेथून युद्धसाहित्य मिळे ते माहे बंदर त्यांनी घेतले. निजामअलीच्या भावाशी परस्पर करार करून गुंटूरचा प्रांत पदरात पाडून घेतला. नाना फडणविसांनी या सगळ्या तक्रारी एका सूत्रात ओवल्या. इंग्रज एकाशी स्नेह करून दुसऱ्यास बुडवितात आणि मग पहिल्याकडे वळतात; पुणे, नागपूर, श्रीरंगपट्टण, हैदराबाद अशी पाळी एकामागून एक येणार; म्हणून सर्वांनी एकाच वेळी उठावे, असा युक्तिवाद नानांच्या पत्रव्यवहारात दिसतो.

योजना मोठ्या आवाक्याची होती. पुण्याने मुंबईकडील, हैदराने मद्रासकडील, नागपूरकर भोसल्यांनी बंगालकडील आणि निजामाने उत्तर सरकारांतील इंग्रजांवर चालून जावयाचे. यासाठी पुणे दरबाराने कृष्णा-तुंगभद्रेमधला, रक्त सांडून मिळविलेला मुलूख खंडणीच्या बोलीवर हैदराच्या हाती राहू दिला. जुने वैर गिळल्याशिवाय नवी एकजूट होत नाही, हे नानांना उमगले होते.

प्रत्यक्षात काय झाले? हैदर जुलै 1780 मध्ये कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूर येथे त्याने कर्नल बेलीची फौज बुडविली. पुण्याच्या फौजाही झुंजत राहिल्या. पण निजामाला गुंटूर परत मिळाले आणि तो स्वस्थ बसला. मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी मोठी फौज घेऊन कटकेपर्यंत गेले व तेथेच थांबले. वॉरन हेस्टिंग्जने पैसा पुरविला, आणि पुढे मद्रासच्या मदतीस निघालेल्या इंग्रजी पलटणींना ओरिसातून वाटही मिळाली. फत्तेसिंगराव गायकवाड तर 1780 च्या आरंभीच इंग्रजांना मिळाले होते. आपल्या डोक्यावरचा हा किल्लाही त्याच वर्षीच्या ऑगस्टात पॉपहॅमने रात्री शिड्या लावून घेतला.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. येथून फार दूर नसलेल्या सालबाई गावी 17 मे 1782 रोजी तह झाला. महादजी शिंदे त्याचे मध्यस्थ आणि जामीन. वसई परत मिळाली, साष्टी गेली. आपण ग्वाल्हेरकर या तहाचा अभिमान बाळगतो, आणि महादजींच्या मुत्सद्देगिरीला तो शोभतोही. परंतु याच तहात हैदराने जिंकलेला मुलूख सोडावा अशी हमी पेशव्यांच्या वतीने देण्यात आली, आणि हैदर तर अजून रणांगणात होता! नानांनी मान्यता लांबविली; डिसेंबर 1782 मध्ये हैदर वारला, तेव्हाच तहावर अखेरची मोहोर उठली. नागपूरकरांना जो न्याय आपण लावतो तो आपल्यालाही लावला पाहिजे. तरुणपणी मी हे टाळीत असे, हे कबूल करतो.

आणि कथा येथे संपत नाही. 1790 मध्ये तेच नाना फडणवीस, निजाम आणि इंग्रज असे तिघे हैदरपुत्र टिपूविरुद्ध एक झाले. 1795 मध्ये खर्ड्यास मराठे व निजाम एकमेकांशी लढले. 1798 मध्ये निजामाने तैनाती फौज पत्करली, 1799 मध्ये टिपू पडला. सुमारे वीस वर्षांपूर्वी वर्तविलेली पाळी ठरल्याप्रमाणे आली.

ही सारी फितुरी म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. प्रत्येकाचे कारण त्याच्यापुरते शहाणपणाचेच होते. उणीव होती ती व्यवस्थेची. या चौकडीला सामाईक खजिना नव्हता, एक सेनापती नव्हता, आणि वेगळा तह करणाऱ्याला जाब विचारणारी सभाही नव्हती. शपथा होत्या, पण त्या मोडल्या तर पुढे काय, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

योगायोग असा, की त्याच दशकात अमेरिकेत हाच प्रश्न उभा होता. इंग्रजांपासून सुटलेली तेरा संस्थाने सैल बंधनाने बांधलेली होती. 1787 मध्ये नवी राज्यघटना मान्य व्हावी म्हणून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावाने लेखमाला चालविली. तीत जे यांनी परकीय धोक्याचाच मुद्दा धरला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या एकीकरणासाठी राणी ॲनने 1706 साली लिहिलेल्या पत्राचा त्यांनी दाखला दिला. निरनिराळे संघ झाले तर ते एकमेकांचेच वैरी होतील, प्रत्येक जण परक्याला मदतीस बोलावील, आणि परकी फौज घरात घेणे जितके सोपे तितके तिला बाहेर काढणे सोपे नसते, असे त्यांचे म्हणणे. जे यांच्यापुढे पुणे नव्हते. पण 31 डिसेंबर 1802 रोजी होळकरांच्या भयाने दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह केला, तेव्हा ते म्हणणे अक्षरशः खरे ठरले. 1803 मध्ये शिंदे-भोसले लढले तेव्हा होळकर दूर राहिले. 1804 मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे-भोसल्यांचे हात तहांनी बांधलेले होते.

नानांचा युक्तिवाद जे यांच्या युक्तिवादाहून तिळभर उणा नव्हता, आणि तो सात वर्षे आधीचा होता. फरक इतकाच, की तिकडे विचारामागोमाग कायदा, कर आणि सभा उभी राहिली. आपल्याकडे तो पत्रांत राहिला आणि पत्रे दप्तरात.

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. माणसे वाईट होती म्हणून आपण हरलो असे नाही. चांगल्या माणसांनासुद्धा एकत्र धरून ठेवील अशी गाठ आपण बांधली नव्हती. इंदूर, बडोदे, नागपूर, हैदराबाद येथे पांगलेल्या आपण मराठी माणसांनी परस्परांच्या पूर्वजांना नावे ठेवण्यापेक्षा ती गाठ कशी बांधतात हे शिकावे, एवढेच या व्यासपीठावरून सांगावेसे वाटते.