ग्वाल्हेर दरबारातील अल्पवयीन वारस आणि पालकत्वाचा प्रश्न

मालकाच्या मृत्यूनंतर वारस कोण, हा वारसाहक्काचा पहिला प्रश्न होय. वारस अल्पवयीन असेल तर आणखी दोन प्रश्न उभे राहतात: त्याच्या वतीने कारभार कोणी पाहावा आणि तो केव्हा सोडावा? ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात १८२७ ते १८४४ या काळात दोनदा वारस मिळाला. परंतु पालकाचे अधिकार आणि मुदत न ठरल्याने दोन्ही वेळा संघर्ष झाला.

दौलतराव शिंदे २१ मार्च १८२७ रोजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. त्यांच्या पत्नी बायजाबाई या कागलकर घाटग्यांच्या कन्या. त्यांनी त्याच वर्षी शिंदे कुळातील सुमारे अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेवले. महाराष्ट्रात प्रचलित हिंदू धर्मशास्त्रानुसार विभक्त कुटुंबातील विधवेला पतीच्या स्पष्ट परवानगीशिवायही दत्तक घेता येत असे. त्यामुळे वाद दत्तकापेक्षा कारभाराच्या हक्कावरून अधिक पेटला. पतीच्या इच्छेनुसार सत्ता आपल्याकडे आजन्म राहावी, असे बायजाबाईंचे म्हणणे होते. तर वयात येताच कारभार आपल्या हाती यावा, अशी जनकोजीरावांची मागणी होती. डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरला आले. पण त्यांनी कोणाच्याही बाजूने ठाम निर्णय दिला नाही. अखेर जुलै १८३३ मध्ये फौज जनकोजीरावांकडे वळली आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. जो प्रश्न कागदावर सुटायला हवा होता, तो फौजेने सोडवला.

दहा वर्षांनी त्याच प्रसंगाची पुनरावृत्ती झाली. ७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजीराव निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तिने दत्तक घेतलेला मुलगा, म्हणजे पुढील जयाजीराव, आठ-नऊ वर्षांचा होता. दत्तक घेणारी माताच वयाने अज्ञान असल्याने कारभारासाठी त्रयस्थ पालक आवश्यक झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या पाठिंब्याने कृष्णराव कदम ऊर्फ मामासाहेब कारभारी झाले. मात्र काही महिन्यांतच त्यांना दूर करून दादा खासगीवाले यांनी सत्ता हाती घेतली. १८०४ च्या बऱ्हाणपूर तहाचा आधार घेऊन, अल्पवयीन राजाचे रक्षण हे आपले कर्तव्य असल्याचे एलेनबरो यांनी सांगितले. खासगीवाले कंपनीच्या स्वाधीन झाल्यावरही फौज पुढे आली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर व पनिहार येथे लढाया होऊन शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला.

१३ जानेवारी १८४४ च्या तहाने कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. ताराबाईंना वार्षिक तीन लाख रुपये नेमून देण्यात आले. महाराजांचे अज्ञानत्व वयाच्या अठराव्या वर्षी, १९ जानेवारी १८५३ रोजी संपेल, हेही त्यात नमूद झाले. १८२७ मध्ये जी तारीख कोणी ठरवली नाही, ती आता ठरली. पण कौन्सिलला रेसिडेंटच्या सल्ल्याने चालावे लागले आणि सैन्यावर मर्यादा आल्या. नंतरच्या काळात मात्र क्रम बदललेला दिसतो. १९२५ मध्ये माधवराव शिंदे निवर्तले तेव्हा जिवाजीराव अवघ्या आठ वर्षांचे होते. कौन्सिलने कारभार पाहिला आणि १९३६ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. रणांगणाची वेळ आली नाही.

या इतिहासातून निघणारा कायदेशीर मुद्दा सर्व समाजांना लागू आहे. मुलाचा सांभाळ आणि मुलाच्या मालमत्तेची व्यवस्था या भिन्न बाबी आहेत. मुस्लिम कायद्यात दत्तकाने वारसा निर्माण होत नाही. आईला अल्पवयीन अपत्याच्या संगोपनाचा हक्क, म्हणजे हिजानत, असतो. मालमत्तेचे पालकत्व मात्र वडील, त्यांनी नेमलेला वसी, आजोबा आणि आजोबांचा वसी या क्रमाने जाते. इमामबंदी खटल्यात १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा भेद स्पष्ट केला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही न्यायालयाच्या परवानगीविना अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकण्यास नैसर्गिक पालकाला मनाई केली आहे.

दोन्ही व्यवस्थांत पालक हा विश्वस्त असतो, मालक नव्हे. ग्वाल्हेरमध्ये ही मर्यादा वेळीच लेखी ठरली असती, तर बायजाबाई व जनकोजीराव यांच्यातील कलहाला निदान एक उत्तर उपलब्ध असते आणि १८४३ मध्ये कंपनीला पालकाची भूमिका घेण्यासाठी इतके सोपे निमित्त मिळाले नसते.