फटीतून निघालेला उजेड : झेरॉक्स यंत्रातील दिव्याचा इतिहास

१/ झेरॉक्सच्या दुकानात यंत्राचे झाकण अर्धवट राहिले, की कडेने एक हिरवट पट्टा सरकत जाताना दिसे. तो उजेड एका खास घडणीच्या ट्यूबलाइटचा असे. प्रकाश नेमका हवा तिथेच पाडण्यासाठी अभियंत्यांनी काय केले, त्याचा हा धागा.

२/ प्रारंभ १९३८ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने प्रतिदीप्त दिवे, म्हणजे आपल्या ट्यूबलाइट, बाजारात आणले. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी नक्कल उमटवली. प्रकाशासाठी वापरला होता साधा तारेचा दिवा.

३/ १९५९ मध्ये हॅलॉइड झेरॉक्स कंपनीचे ‘९१४’ हे यंत्र आले. साध्या कागदावर बटण दाबताच नक्कल मिळू लागली. पुढे यंत्रे लहान व वेगवान होत गेली, तशी प्रखर पण कमी तापणाऱ्या दिव्याची गरज वाढली. तारेच्या दिव्याची बहुतांश वीज उष्णतेत जाते. त्यामुळे ट्यूबलाइट हा स्वाभाविक पर्याय होता.

४/ ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते व २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. काचेच्या आतील भुकटीचा लेप ते शोषून दृश्य प्रकाश देतो. अडचण एवढीच, की हा प्रकाश चहूबाजूंना फाकतो. खोलीत तो गुण ठरतो. नक्कल करताना मात्र कागदाची एक अरुंद पट्टीच उजळायची असते. उरलेला प्रकाश वाया जातो.

५/ मग नळीचीच घडण बदलली. लेप देण्यापूर्वी काचेच्या आतून, बहुतांश घेराला, टायटॅनियम डायऑक्साइडसारखा पांढरा परावर्तक थर दिला. त्यावर प्रतिदीप्त भुकटी बसवली आणि नळीच्या लांबीभर एक अरुंद पट्टी पूर्ण मोकळी, पारदर्शक ठेवली. हाच फटीचा दिवा.

६/ आतला प्रकाश पांढऱ्या भिंतींवर पुनःपुन्हा आपटत अखेर त्या फटीतून बाहेर पडतो. एकूण प्रकाश थोडा घटतो. परंतु फटीची प्रखरता साध्या नळीच्या पृष्ठभागाहून कितीतरी अधिक असते. नळीची टोके मात्र मंद राहतात. म्हणून ती कागदाच्या रुंदीहून लांब ठेवावी लागे.

७/ आता हिरव्या रंगाचे कारण. त्या काळच्या यंत्रांतील दंडगोलावर सेलेनियमचा थर असे. तो निळ्या-हिरव्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देतो, तांबड्याला जवळजवळ नाही. म्हणून मँगनीज मिसळलेले झिंक सिलिकेट वापरून दिवाच हिरवा केला. तांबडी शाई हिरवा प्रकाश शोषते. त्यामुळे दाखल्यावरचा तांबडा शिक्का नकलेत काळा उमटे.

८/ रंगीत स्कॅनरने ही सोय संपवली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी संकल्पिला. या संवेदकाला तिन्ही रंग हवे होते. मग तांबडा, हिरवा व निळा प्रकाश देणाऱ्या तीन भुकट्यांचे मिश्रण आणि पेन्सिलीहून बारीक, शीत ऋणाग्राच्या नळ्या आल्या. थंड नळीत पाऱ्याची वाफ कमी असते; म्हणून स्कॅनर सुरू होताच ‘दिवा तापत आहे’ असा संदेश झळके.

९/ त्यावर उपाय ठरला झेनॉन वायू. त्याला वाफ होण्याची वाट पाहावी लागत नाही. दिवा क्षणात पूर्ण तेजाने पेटतो. विद्युतअग्रे काचेबाहेर चिकटवली आणि त्यांच्यामध्ये फट सोडली. पारा नाहीसा झाला, फट मात्र कायम राहिली.

१०/ पुढे एलईडी आले. ते मुळातच एका दिशेला प्रकाश टाकतात, त्यामुळे फटीची गरजही उरली नाही. जुन्या यंत्रांतील नळ्यांत मात्र काही मिलिग्रॅम पारा अजून आहे. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेने माणसे कायमची अधू झाली. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली.

११/ भंगारात दिलेले यंत्र कोणीतरी उघड्या हातांनी फोडतो, तेव्हा तो पारा त्याच्या श्वासात जातो. आपल्या सात-बाऱ्यांच्या, गुणपत्रिकांच्या, न्यायालयीन कागदांच्या असंख्य नकला याच उजेडात निघाल्या. त्याची किंमत भंगारवाल्याने चुकवू नये. जुना स्कॅनर टाकायचा झाल्यास नळी न फोडता तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावा.