गोठ्यातलं वर्कशॉप

आमच्या घरात बैल होते, नांगर होता, पाभर होती, पण हत्यारं ठेवायला खोली नव्हती. गरजच नव्हती. आमचं वर्कशॉप गावात होतं, चावडीच्या मागं, कडुलिंबाखाली. सुतारआबांचं मेट.

माझा जन्म 1960 चा. किर्लोस्करवाडी आमच्यापासून सायकलीच्या टप्प्यात, पण लहानपणी मला कारखाना म्हणजे सुतारमेटच वाटायचं. मृग तोंडावर आला की तिथं गर्दी. कुणाच्या पाभरीचा फण ढिला, कुणाच्या नांगराचं रुमणं मोडलेलं, कुणाला जुवाच्या शिवळा पाहिजेत. आबा वाकसानं बाभळीचं लाकूड तासायचे आणि आम्ही पोरं चुलीला ढलप्या वेचायचो. शेजारी लोहाराचा भाता. तिथं फाळ शेवटून मिळायचे. पैशाचं नाव नाही. खळं झालं की बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त हा सगळा व्यवहार लिहून ठेवलाय, त्यातले गुणदोषही. दोष होतेच. बलुतेदाराला खळ्यावर उभं राहायला लागायचं, आणि देणाऱ्याचा हात आखडला तर तक्रार कुणाकडं करणार?

हा गाडा मोडायची सुरुवात आमच्याच भागातून झाली म्हटलं तरी चालेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला 1903 मध्ये, बेळगावात. लोखंडानं जमिनीला विष चढतं असं लोक म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढं 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना उभा राहिला. मग मात्र नांगर घरोघर गेला. आमच्या आजोबांनीही आणला. त्या नांगराबरोबर घरात पहिला पाना आला. ह्या नांगराचा नट आवळायला सुतार लागत नव्हता, घरचा माणूस पुरत होता.

नंतर इंजिन आलं, मोट गेली. मोटेबरोबर चाक गेलं, कणा गेला. बहात्तरच्या दुष्काळात बैल विकले, ते पुन्हा दावणीला आलेच नाहीत. ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला लागलो. 1979 च्या खळ्यावर आबा आले तेव्हा मी पाटीत शाळू भरून उभा होतो. वडील म्हणाले, “आबा, औंदा तुमच्याकडं एकबी काम पडलं न्हाई.” आबा थोडा वेळ उभे राहिले. “खरंय बापू,” म्हणाले आणि गेले. पुढच्या खळ्याला आले नाहीत. मी एकोणीस वर्षांचा होतो. पाटी हातात होती, पण वडिलांपुढं बोलायची हिंमत झाली नाही. आबांचा पोरगा इचलकरंजीला मागावर गेला आणि मेट बंद पडलं.

आता आबांचं आणि लोहाराचं काम आमच्याच गळ्यात आलं. पण ते करायला घरात जागा नव्हती. जुन्या औताचं बरं होतं. कासरा खुंटीला, विळा वळचणीला, जू सोप्यात. अंधारात हात घातला तरी सापडायचं. पाने कुठं ठेवायचे हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. काही गव्हाणीत, काही कोनाड्यात, ग्रीस आईच्या लोणच्याच्या बरणीत. एका उन्हाळ्यात रात्रीच्या पाळीची लाईट आली आणि पंपाचा बोल्ट ढिला. अठरा-एकोणीसचा पाना हुडकत दोन तास गेले. सापडला तेव्हा लाईट गेलेली. अर्धा एकर वांगी त्या आठवड्यात वाळली.

तरी शहाणपण यायला बरीच वर्षं लागली. तीन वर्षांमागं रिकामा गोठा झाडून घेतला, जमिनीला कोबा केला आणि हत्यारांसाठी एक घोडी करायला घेतली, विहिरीपर्यंत ढकलत नेता येईल अशी. चार फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, तीन कप्पे. त्याला त्रेचाळीस फूट अँगल लागला. मजबूत हवा म्हणून दीड इंची, पाच एमएमचा आणला आणि फसलो. नुसता सांगाडाच चाळीस किलोच्या घरात गेला. खाली बारकी चाकं लावली होती, ती पहिल्याच सरीत रुतली. ती घोडी आता गोठ्यातच पेंडीची पोती सांभाळते. दुसरी केली तीन एमएमच्या अँगलची. मागं सायकलची दोन चाकं, पुढं दोन पाय, हातगाड्यासारखी. जड माल खालच्या कप्प्यात: साखळी, जॅक, ग्रीसची बंदूक. वर प्लायवूडवर खिळे मारून दहा-अकरापासून चोवीस-सत्तावीसपर्यंत पाने ओळीनं टांगले. प्रत्येक पान्यामागं पांढऱ्या रंगानं त्याचाच आकार काढला. संध्याकाळी पांढरं मोकळं दिसलं की पाना रानात राहिला.

वरच्या कोपऱ्यात वाकसाचा आकार आहे. आबा गेल्यावर त्यांच्या पोरानं मेटाचं लाकूडसामान मोडीत काढलं, तेव्हा मी वाकस मागून घेतला. पैसे देऊ केले तर म्हणाला, “राहू द्या, तुमच्या घरचं कायतरी चुलीला आलंच की.” नंतर मी त्याला शाळूचं एक पोतं पाठवलं. त्यानं ठेवून घेतलं.

वाकसाचं पातं अजून चांगलं आहे. दांडा तेवढा मी बसवलाय, तो हलतो.