अडकलेला बॉल जॉइंट सोडवणे

मोटारीच्या सस्पेन्शनमधील आर्म आणि चाक धरणारे नकल यांना जोडणारा सांधा म्हणजे बॉल जॉइंट. त्याची दांडी बहुधा निमुळती असते आणि नकलच्या तशाच निमुळत्या छिद्रात पाचरीसारखी रुतते. त्यामुळे नट काढला तरी सांधा सुटत नाही; वर्षानुवर्षांचा गंज पकड आणखी घट्ट करतो.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी स्टँडवर पक्की टेकवतात. नुसत्या जॅकवर विसंबून चालत नाही. स्प्रिंगचा भार ज्या आर्मवर असतो त्याला खालून आधार देतात. स्प्लिट पिन काढून नट सैल करतात, पण काही आट्यांवर तसाच ठेवतात. त्यामुळे सांधा अचानक सुटला तरी आर्म उसळून अंगावर येत नाही. मग पुलरने दांडीवर दाब देऊन नकलच्या छिद्राभोवतालच्या जाड कडेवर बाजूने हातोडीचा ठोका मारतात. धक्क्याने छिद्राचा आकार क्षणभर किंचित बदलतो, पकड तुटते आणि ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. दांडीच्या टोकावर घाव घालण्याची गॅरेजमधली सवय मात्र वाईट. त्याने आटे चेपतात. ॲल्युमिनियमच्या नकलवर हातोडी टाळावी, तडा जाऊ शकतो. दुबेळकी पाचर ठोकल्यास सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, म्हणून जॉइंट बदलायचाच असेल तरच ती वापरावी. गॅसच्या ज्योतीने सांधा तापवल्यास बूट व ग्रीस जळतात.

अनेक लहान गाड्यांत दांडी सरळ असून आडव्या बोल्टने आवळलेली असते. तेथे बोल्ट पूर्ण काढून नकलची फट किंचित फाकवतात. निमुळत्या दांडीचा सांधा जोडताना स्प्लिट पिन नवीच घालावी लागते.