मुंबईचा साग, हार्टलपूलचा धक्का

“लाकूड आधी वाजवून बघायचं, मग त्याला वाकस लावायचा,” असं आजोबा सांगत. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात ते सुतार होते. त्यांच्या आधीच्या सुतारांकडून ऐकलेलं ते आम्हां नातवंडांपर्यंत पोचवत. मलबारचा साग समुद्रावाटे कसा यायचा, जहाजं बांधणाऱ्या वाडियांचे मिस्त्री ओंडका कसा पारखायचे आणि जहाजाचा कणा मांडला की त्यात चांदीचा खिळा कसा ठोकायचे, हे सारं त्यांना तोंडपाठ होतं.

तो खिळा इतिहासातही सापडतो. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि १७५० मध्ये इथली सुकी गोदी उभी राहिली. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी १८१६ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ या लढाऊ जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकची टंचाई होती. शिवाय ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगचं तेल मात्र लाकूडही राखतं आणि खिळाही.

म्हणूनच ते जहाज आजही पाण्यावर आहे, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला. तेही जहाजं बांधणाऱ्यांचंच गाव. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला ग्रे यांचा मोठा कारखाना बंद पडला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचं काम गेलं. पुढे १९७९ ते १९८७ या काळात ‘वॉरियर’ या जुन्या लोखंडी युद्धनौकेची डागडुजी तिथेच झाली. बेकारीनं ग्रासलेल्या गावाला त्या कामानं रोजगार दिला. वॉरियर पोर्ट्‌समथला गेली त्याच वर्षी ट्रिंकोमाली आली. तिच्या डागडुजीचं काम १९९० पासून २००१ पर्यंत चाललं. ओस पडलेल्या गोदीभोवती १९९४ मध्ये जुन्या बंदराच्या धर्तीवर दुकानं आणि धक्का उभा राहिला. आज तिथे संग्रहालय आहे.

मी तिथे गेले तेव्हा नाळेवरच्या पुतळ्यापाशी पहिल्यांदा थांबले. डोक्याला पागोटं, भरघोस मिशा. खाली तोफांच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. तिथल्या एका तुळईला मी बोटांनी हळूच ठोकून पाहिलं. भरीव, ठाम आवाज आला. वाडियांचं नाव तिथे मानानं घेतलं जातं. पण हा साग ज्यांनी तासला, त्या मुंबईच्या सुतारांची नावं मला कुठेच सापडली नाहीत, ना तिथे, ना इथे.

हे जहाज जिथे जन्मलं ती गोदी आजही नौदलाच्या कुंपणाआड आहे, आणि ते रास्तच आहे. पण ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतच्या बंदराच्या जमिनीवर आता पर्यटनाचे आराखडे आखले जात आहेत. लोकांना समुद्रापाशी मोकळं जाता यावं, हे मलाही हवंय. मात्र हार्टलपूलकडून घेण्यासारखी गोष्ट त्या देखण्या दुकानांत नाही. पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी तिथे कारागीर कामाला लागले होते, ही ती गोष्ट. गोदीत आयुष्य घालवलेली माणसं माझगाव, डोंगरी, शिवडीत अजून आहेत. त्यांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हव्यात. आणि आराखड्यात हॉटेलांच्या आधी एक सुतारशेड आखायला हवी. तिथे ही माणसं पगारी उस्ताद म्हणून नव्या मुलांना होड्या बांधायला शिकवतील, आणि पाहुण्यांना ते काम चालू असताना बघता येईल.